अल्प खर्चात कोची-दर्शन

आपल्याकडील ख्रिस्ती कुटुंबाचा प्रवास बहुधा नवसाने ठरतो. डिसेंबरात जुन्या गोव्याचे फेस्त, सप्टेंबरात बांद्र्याची मोत मावली, आणि गाठीस चार पैसे अधिक जमले तर वेलंकणी. याखेरीज घराबाहेर पडावयाचे म्हणजे लग्न, मयत किंवा कोर्टाची तारीख. केवळ एखादे शहर पाहावे म्हणून सहकुटुंब निघावे, ही गोष्ट वडीलधाऱ्यांना चैनीची वाटते आणि त्यांचे अगदीच चुकते असेही नाही. तथापि खानापूर तालुक्यातील एका भगिनीचे जे पत्र या सदराकडे आले आहे, त्याला नुसते ‘काटकसर करा’ असे उत्तर देऊन भागणार नाही.

तिचे सासरे एकतीस वर्षे तारवटी होते. मुंबईहून निघणाऱ्या मालवाहू जहाजांवर त्यांचे आयुष्य गेले. कोचीच्या बंदरात त्यांचे जहाज कितीदा तरी लागले, परंतु प्रत्येक वेळी इंजिनखोलीतील पाळी पुरी होईतो नांगर उचलण्याची वेळ येई. शहर त्यांनी पाहिले ते कठड्यावरून. आता दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. गेलेली दृष्टी परत येत नाही, उरली आहे ती शक्य तितकी जपावयाची, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. म्हाताऱ्याने आजवर कधी काही मागितले नाही. एवढेच म्हणाले, की दिसते आहे तोवर एकदा कोचीत पायी फिरून यावे. घरी माणसे पाच: सासरे, नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. काजूच्या बियांचे थोडे पैसे हाती आहेत. नवऱ्याचे म्हणणे, पावसाळ्यापूर्वी छपराची कौले परतावयास हवीत. भगिनी विचारते, हा खर्च करणे योग्य की अयोग्य, आणि करावयाचाच झाला तर तो कितीवर आणता येईल?

पहिल्या प्रश्नात परक्याने फार तोंड घालू नये. तरीही विचारलेच आहे म्हणून सांगतो: गळक्या छपराखाली आणखी एक पावसाळा पातेली मांडून काढता येतो, काचबिंदू मात्र कोणासाठी थांबत नाही. खर्च आटोपशीर ठेवला तर कदाचित दोन्ही गोष्टी साधतील. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

प्रथम गाडीचा विचार. ‘कोची’ या नावाचे स्थानक शोधत बसू नये. उतरावयाचे ते एर्नाकुलमला. शहराचा नवा, व्यापारी भाग खाडीच्या अलीकडे आहे, त्याचे नाव एर्नाकुलम. जुने कोची पलीकडे. एर्नाकुलमला दोन मोठी स्थानके आहेत. जंक्शन म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘साउथ’ आणि टाउन म्हणजे ‘नॉर्थ’; तिकिटावर कोणते आहे ते पाहून ठेवावे. बेळगावहून पुणे–एर्नाकुलम ही पूर्णा एक्सप्रेस आठवड्यातून एकदा जाते. तिचा वार जमत नसेल तर मडगाव गाठावे. मडगावहून नेत्रावती आणि मंगला या गाड्या रोज आहेत. हीच मंगला ग्वाल्हेरच्या वाचकांनाही सोयीची आहे. सिकंदराबादहून शबरी एक्सप्रेस रोज निघते आणि इंदूरहून अहिल्यानगरी आठवड्यातून एकदा. मडगाव ते एर्नाकुलम हा एक रात्र आणि वर काही तास असा प्रवास आहे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, गाड्या सावकाश चालतात, हे ध्यानी धरावे.

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते; नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती. वृद्धांना भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद करण्यात आली, तेव्हा तिच्या भरवशावर हिशेब मांडू नये. परंतु खालच्या बाकासाठी वृद्धांचा राखीव हिस्सा आहे. तो एकट्या किंवा दोघाच वृद्ध प्रवाशांच्या तिकिटाला मिळतो, पाच जणांच्या एकत्र तिकिटाला मिळत नाही. म्हणून सासऱ्यांचे तिकीट निराळे काढावे. मुलांपैकी एकाला पूर्ण भाडे देऊन बाक घ्यावा आणि दुसऱ्याचे बाकाविना अर्धे तिकीट काढावे. भावंडे एका बाकावर पाय उलटसुलट करून झोपतात, आपण सारे तसेच वाढलो. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी आणि पाण्याची मोठी बाटली घेतली, तर गाडीतील खाण्यावर एक पैसा जाणार नाही.

केव्हा जावे? नाताळापासून नव्या वर्षापर्यंत मुळीच जाऊ नये. त्या दिवसांत फोर्ट कोचीला कार्निव्हल असतो, ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री किनाऱ्यावर ‘पप्पांजी’ नावाचा म्हाताऱ्याचा प्रचंड पुतळा जाळतात, आणि गर्दी एवढी असते की धडधाकट माणसाचाही श्वास कोंडावा. त्याच सुमारास, २०१२ पासून साधारण दर दोन वर्षांनी, चित्रकलेचे मोठे प्रदर्शन भरते आणि खोल्यांची भाडी चढतात. ओणमच्या आसपास गाड्या भरलेल्या असतात. फेब्रुवारीचा उत्तरार्ध बरा. हवा तितकी गरम नसते आणि गर्दी ओसरू लागलेली असते. जून ते ऑगस्ट खोल्या सर्वांत स्वस्त, परंतु त्या पावसात अधू दृष्टीच्या माणसाला निसरड्या धक्क्यांवर चालविणे मला धोक्याचे वाटते.

उतरण्याविषयी दोन मते आहेत. स्थानकाजवळच्या साध्या लॉजमध्ये राहिल्यास भाडे कमी पडते, पण रोज खाडी ओलांडावी लागते. फोर्ट कोचीत पुष्कळ घरांतून प्रवाशांना खोल्या देतात. त्यांतील कित्येक घरे आपल्यासारख्याच लॅटिन विधीच्या ख्रिस्ती कुटुंबांची आहेत. हंगाम नसेल तर भावात घासाघीस चालते, विशेषतः दोन रात्री राहणार असे आधी सांगितले तर. वृद्ध माणूस बरोबर असता मी फोर्ट कोचीच पसंत करीन. दुपारी तासभर आडवे होण्यास खोली जवळ हवी आणि तिथले रस्ते सपाट, झाडांच्या सावलीचे आहेत. निघण्यापूर्वी आपल्या धर्मगुरूंकडून ओळखीचे पत्र घ्यावे. एखाद्या धर्मभगिनींच्या मठात किंवा धर्मग्रामाच्या अतिथिगृहात सोय झाली तर उत्तमच, न झाली तर पत्राचे ओझे होत नाही.

आता खाडी. कोचीचे सर्वांत मोठे प्रेक्षणीय स्थळ खाडीच आहे आणि ते जवळजवळ फुकट पाहावयास मिळते. एर्नाकुलमच्या मुख्य धक्क्यावरून सरकारी जलवाहतूक खात्याची बोट फोर्ट कोचीला जाते. तिकीट दहा रुपयांच्या आत. एप्रिल २०२३ मध्ये ‘वॉटर मेट्रो’ नावाच्या विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित बोटी सुरू झाल्या आणि २०२४ मध्ये त्या फोर्ट कोचीपर्यंत जाऊ लागल्या. त्यांचे तिकीट काही पटींनी अधिक आहे, तथापि त्यांचा धक्का पाण्यावर तरंगता असल्याने भरती असो की ओहोटी, बोट आणि धक्का एका पातळीवर राहतात, पाय उचलून टाकावा लागत नाही. तेव्हा जाताना, सामान हाती असता, वॉटर मेट्रो घ्यावी. नंतर उजेडी सरकारी बोटीने एक फेरी मारावी. तारवट्याला बोटीच्या इंजिनाचा धडधडाट ऐकू आला नाही तर त्याला खाडी ओलांडल्यासारखे वाटणारच नाही.

या पाण्याची कथा त्यांना नातवंडांना सांगता येईल. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, मुझिरिसचे पुरातन बंदर गाळाने भरून गेले असे मानतात, आणि कोचीपाशी समुद्राला नवे तोंड फुटले. त्या पुराने हे शहर घडविले. परंतु तोंडाशी वाळूचा बांध होता, त्यामुळे मोठी जहाजे कित्येक शतके बाहेरच नांगर टाकीत. रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज अभियंता १९२० मध्ये आला. त्याने तो बांध खणून काढला, १९२८ साली मोठे जहाज आत आले, आणि खणलेल्या गाळाची भर घालून खाडीच्या मधोमध एक अख्खे बेट उभे केले. त्याचे नाव विलिंग्डन. बोटीतून ते दिसते. दुसऱ्या बाजूस वल्लारपाडमच्या अवाढव्य याऱ्या दिसतील. ते पेट्यांतून येणाऱ्या मालाचे बंदर २०११ साली सुरू झाले. त्याच्या रस्त्यासाठी आणि रेल्वेसाठी २००८ साली मूलंपिळ्ळी व आसपासच्या गावांतील तीनशेहून अधिक कुटुंबांची घरे गेली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे पुढे वर्षानुवर्षे चालू राहिले. धरणांखाली गावे गेलेल्या आपल्या मुलखात हे वेगळे समजावून सांगावयास नको.

फोर्ट कोचीच्या धक्क्यावर उतरून थोडे चालले की चिनी जाळी येतात. चार खांबांची ही प्रचंड झोळी वासांच्या तोलावर पाण्यात उतरते आणि दोरांना टांगलेल्या दगडांच्या वजनाने वर येते. एका जाळ्याला पाच-सहा माणसे लागतात. पाहावयास काही पडत नाही. ‘दोर ओढून पाहा’ असे आमंत्रण मात्र फुकटचे नसते, हे ठाऊक असू द्यावे. मुलांना हौस वाटली तर दहा-वीस रुपये आनंदाने द्यावेत. कारण जाळ्यांत मासे पूर्वीसारखे येत नाहीत आणि लाकूड, दोर महागले आहेत. शेजारी ‘मासा तुम्ही घ्या, शिजवून आम्ही देतो’ म्हणणाऱ्यांकडे भाव आधी पक्का केल्याशिवाय बसू नये.

जेवणाची चिंता कोचीत नाही. दुपारी कोणत्याही साध्या खाणावळीत ‘ऊण’ म्हणजे भाताचे जेवण मिळते: तांबूस, जाडा, उकडा भात, सांबार, दोन भाज्या, पापड, ताक आणि थोडे अधिक दिले की माशाचे कालवण. भात पुन्हा वाढतात. गोव्याच्या वाचकांना उकड्या भाताचे नवल नाही. घाटावरच्यांना एक दिवस लागेल. पेल्यात गुलाबी रंगाचे कोमट पाणी येईल, ते परत पाठवू नये. पतंगाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेले ते पाणी असते. ते नीट उकळलेले आहे याची खात्री करून घेतली, तर बाटलीबंद पाण्याचे पैसेही वाचतात. सकाळी अप्पम किंवा पुट्टू आणि काळ्या चण्यांची उसळ, संध्याकाळी चहा आणि पिकल्या केळ्याची भजी. पाच माणसांच्या तीन दिवसांच्या जेवणाला जे लागेल, ते पर्यटकांच्या उपाहारगृहात एका रात्रीत जाते.

सांत फ्रान्सिसचे देऊळ जाळ्यांपासून पायी अंतरावर आहे. युरोपियनांनी भारतात बांधलेले हे सर्वांत जुने चर्च समजतात. १५०३ मध्ये लाकडी होते, १५१६ पर्यंत दगडी झाले. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत मरण पावला आणि येथेच पुरला गेला. चौदा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. जमिनीतील रिकाम्या थडग्याला कठडा केलेला आहे. आत आल्यावर वेदी पाहून आपल्या माणसांना चुकल्यासारखे होईल, ते साहजिक आहे. १६६३ साली डचांनी शहर घेतले तेव्हा देऊळ प्रॉटेस्टंटांकडे गेले, पुढे अँग्लिकनांकडे, आणि आज ते दक्षिण भारत चर्चचे आहे. तेथे बोलणे हळू ठेवावे, रविवारी सकाळी त्यांची उपासना असता फिरू नये. मुलांना वास्को द गामा ‘थोर दर्यावर्दी’ म्हणून शाळेत शिकविलेला असतो. त्याच माणसाने १५०२ साली मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज बायकापोरांसह जाळले, हेही तेथेच सांगून टाकावे. ते सांगावयास थडग्याशेजारची जागा मला अयोग्य वाटत नाही.

आपली मिस्सा ऐकावयाची ती सांताक्रूझ बासिलिकेत. तिच्या चारशे वर्षांत सारे कोची सामावले आहे. पोर्तुगीजांनी पाया घातला १५०५ मध्ये. कोचीचा धर्मप्रांत १५५७ साली गोव्याच्या महाधर्मप्रांताखाली स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी हे देऊळ कॅथेड्रल ठरले. डच आले, त्यांनी इतर बहुतेक कॅथलिक इमारती पाडल्या, ही ठेवली, पण शस्त्रांचे कोठार म्हणून. १७९५ मध्ये इंग्रज आले आणि त्यांनी तीही पाडली. नंतर शतकभर तेथे काही नव्हते. आजची इमारत १९०५ साली अभिषिक्त झाली आणि १९८४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला बासिलिकेचा मान दिला. जुन्या देवळाचा एक दगडी खांब आवारात स्मारक म्हणून उभा आहे; तो विचारून पाहावा, कारण आतल्या रंगांनी दिपून गेलेले लोक त्याच्या अंगावरून निघून जातात.

आतील रंगकाम आंतोनियो मोस्केनी या इटालियन येशूसंघीय ब्रदराचे. मंगळूरच्या सेंट अलॉयशियस महाविद्यालयाचे चॅपेल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा हात ओळखू येईल. ते छत आणि त्या भिंती त्यानेच रंगविल्या. मंगळूरचे काम आटोपून तो कोचीला आला. वेदीमागची चित्रे, लिओनार्दोच्या चालीवरचे शेवटचे भोजन, क्रूसाच्या वाटेवरील प्रसंग, हे सारे त्याने आजारपणात पुरे केले, आणि अभिषेकाचा सोहळा अवघ्या काही दिवसांवर आला असता १९०५ च्या नोव्हेंबरात तो वारला. आपली रंगविलेली वेदी मेणबत्त्यांच्या उजेडात त्याने पाहिली नाही. सासऱ्यांना पुढच्या बाकावर बसवावे. काचबिंदूत बाजूचे आधी जाते, समोरचे शेवटपर्यंत टिकते, असे डॉक्टर सांगतात. रंग ठळक आहेत, त्यांना ते दिसतील. मिस्सा मल्याळममध्ये असते. भाषा समजली नाही तरी क्रम पाठच आहे.

आणि कान देऊन ऐकल्यास काही शब्द समजतीलही. खिडकीला ते जनल म्हणतात, आपल्या गोव्यातील जनेल. कपाटाला अलमारा, मेजाला मेशा, पाद्रीला पातिरी. पोर्तुगीजांचे किल्ले पडले, शब्द मात्र दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत राहिले.

मट्टांचेरीला अर्धा दिवस द्यावा. फोर्ट कोचीहून बस जाते. रिक्षा केली तर ‘वाटेत एक दुकान दाखवितो’ या प्रेमळ सूचनेला नम्रपणे नकार द्यावा. शुक्रवारी राजवाडा बंद असतो आणि शनिवारी सिनेगॉग. सोमवार ते गुरुवार यांतला दिवस धरावा. राजवाड्याला ‘डच पॅलेस’ म्हणतात, पण सोळाव्या शतकाच्या मध्यास बांधून राजाला भेट दिला तो पोर्तुगीजांनी; डचांनी डागडुजी केली. तेथील रामायणाची भित्तिचित्रे थोड्या प्रवेशमूल्यात पाहावयास मिळतात. जिना सोडला तर वृद्धांना त्रास नाही.

तेथून चालत यहुदी आळी. परदेसी सिनेगॉग १५६८ चे. पोर्तुगीजांच्या छळाला कंटाळलेल्या यहुद्यांना कोचीच्या हिंदू राजाने आपल्या वाड्याला लागून जागा दिली. खाली चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत, हाताने रंगविलेल्या, म्हणून एक दुसरीसारखी नाही. मुलांना जुळी फरशी शोधावयास लावावे, तेवढ्यात मोठ्यांना शांतपणे बसता येते. १९४८ नंतर बहुतेक लोक इस्राएलला गेले. आज त्या आळीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही यहुदी उरलेले नाहीत. कोकणातील शनवार तेली, म्हणजे बेने इस्राएल, यांना धर्मशिक्षण देण्यास एकोणिसाव्या शतकात कोचीचे शिक्षक येत असत, ही आपल्या बाजूची आठवण.

आणखी एक आठवण अधिक जवळची आहे. मट्टांचेरीतील चेरलाई भागात कोकणी बोलणारी गौड सारस्वत वस्ती आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मसक्तीमुळे गोवा सोडून आलेल्यांचे हे वंशज. तिरुमल देवस्थान हे त्यांचे मोठे मंदिर. डच गव्हर्नर व्हान रेडे याने मलबारातील वनस्पतींवर बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध केला, ‘होर्तुस मलाबारिकुस’. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला छापला गेला. त्याला साहाय्य करणारे वैद्य रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे याच लोकांपैकी. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर त्यांनी आपली साक्ष लिहून दिली, तीही कोकणीत आणि नागरी लिपीत. १६७५ ची ती साक्ष ग्रंथात जशीच्या तशी छापली आहे. रस्त्यात म्हाताऱ्यांशी कोकणीत बोलून पाहावे. हेल निराळा लागेल, पण उत्तर येईल.

मट्टांचेरीतच कूनन कुरिशु, म्हणजे वाकड्या क्रूसाचे स्थान आहे. पर्यटक तेथे फारसे जात नाहीत. आपण जावे असे मला वाटते. संत थोमा इ. स. ५२ मध्ये या किनाऱ्यावर आला, अशी तेथील ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे. त्यांचे बिशप पूर्वेकडून येत, त्यांची उपासना सिरियाक भाषेत होई. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी उदयंपेरूरला धर्मसभा भरवून त्या सर्वांना लॅटिन शिस्तीखाली आणले. सिरियाक ग्रंथ आगीत गेले. पुढे १६५२ साली पूर्वेकडून आलेला अहतल्ला नावाचा बिशप पोर्तुगीजांनी पकडला. त्याला गोव्याकडे नेत असता समुद्रात बुडविले, अशी वार्ता पसरली. ३ जानेवारी १६५३ रोजी हजारो लोक मट्टांचेरीच्या देवळापाशी जमले. क्रूसाला हात लावणे सर्वांना शक्य नव्हते, म्हणून त्याला दोर बांधले आणि ते दोर हाती धरून त्यांनी शपथ घेतली, की यापुढे येशूसंघीयांचा अधिकार मानणार नाही. दोरांच्या ओढीने क्रूस वाकला, असे सांगतात. त्या दिवशी जी फूट पडली, ती आजही केरळात एकाच गल्लीतील दोन-तीन देवळांच्या रूपाने दिसते. तेव्हाचा हुकूम आपल्या गोव्याहून गेला होता. एवढे ठाऊक असून त्या ठिकाणी गुडघे टेकणे, आणि काहीच ठाऊक नसता टेकणे, यांत फरक आहे.

तिसरा दिवस वल्लारपाडमच्या देवमातेसाठी ठेवावा. गोश्री पुलांवरून २००४ पासून बस थेट जाते. एर्नाकुलमच्या हायकोर्ट चौकात विचारावे. येथील तसबीर पोर्तुगीजांनी आणली. १६७६ च्या पुरात देऊळ वाहून गेले तेव्हा पाण्यात तरंगणारी ती तसबीर कोचीच्या राजाचे मंत्री पालियत्त रामन वलियच्चन यांनी बाहेर काढविली, देवळासाठी जमीन दिली आणि अखंड दिव्याच्या तेलाची सोय केली. मंत्री हिंदू होते. १७५२ मध्ये मीनाक्षी अम्मा नावाची नायर स्त्री तान्ह्या मुलासह नाव उलटून बुडाली आणि तीन दिवसांनी कोळ्यांच्या जाळ्यात दोघे जिवंत सापडली, अशी कथा आहे. पुढे तिची आणि मुलाची आकृती तसबिरीत देवमातेच्या पायाशी रंगविली गेली. तेथील मुख्य नवस म्हणजे हाती झाडू घेऊन देवळाचे अंगण झाडणे. याहून स्वस्त नवस मला माहीत नाही. मोठे फेस्त २४ सप्टेंबरला असते. गर्दी नको असेल तर ते दिवस टाळावेत.

खरेदी फार करू नये. यहुदी आळीतील दुकाने प्रवाशांसाठी आहेत. एर्नाकुलमच्या ब्रॉडवे बाजारात खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे काप वजनावर मिळतात, आणि काळी मिरी थोडी घ्यावी. दाणा जड, सुरकुतलेला आणि बोटांत चुरडला जाणार नाही असा पाहावा. परतीची गाडी रात्रीची असेल तर खोली दुपारी सोडून सामान स्थानकाच्या सामानघरात ठेवावे, एका दिवसाचे भाडे वाचते. मधल्या वेळात सरकारी बोटीची आणखी एक फेरी होईल. सूर्य मावळतीला असता पाण्यावरची तिरीप अधू डोळ्यांना झोंबते, म्हणून सासऱ्यांना विलिंग्डनच्या बाजूस, उन्हाकडे पाठ करून बसवावे. टोपी बरोबर असावी आणि डोळ्यांतील थेंबांची वेळ चुकवू नये.

जाऊन आल्यावर भगिनीने खर्चाचा तपशील या सदराकडे अवश्य धाडावा. बेळगाव आणि गोव्याकडील आणखी काही कुटुंबांनी अशाच सहलीविषयी विचारणा केली आहे. त्यांना माझ्या अंदाजापेक्षा तिच्या वहीतील आकडे अधिक उपयोगी पडतील.